सात वाजून सेहेचाळीस मिनिटं

खालच्या सगळ्या वेळा भारतीय आहेत. फ्लोरिडातली वेळ हवी असेल तर साडेदहा तास वजा करायचे. कोलंबिया यान धावपट्टीवर टेकण्याची ठरलेली वेळ तिकडे सकाळी ९:१६ होती. बुलढाणा जिल्ह्यातल्या धामणगाव बढ्याच्या घड्याळात तेव्हा संध्याकाळचे ७:४६ वाजलेले असणार होते.

१६ जानेवारी २००३, गुरुवार. रात्री ९:०९

केनेडी अवकाश केंद्रावरून कोलंबिया सुटलं. त्याची ही २८वी फेरी, मोहिमेचं नाव एसटीएस-१०७. आत सात जण होते: कमांडर रिक हजबंड, वैमानिक विल्यम मॅककूल, मायकेल अँडरसन, डेव्हिड ब्राउन, लॉरेल क्लार्क, इस्रायलचे पहिले अंतराळवीर इलान रामोन आणि कर्नालच्या कल्पना चावला. चावला याआधी १९९७ मध्येही कोलंबियातूनच गेल्या होत्या.

रात्री ९:१०

उड्डाणाला ८२वं सेकंद. यान सुमारे २० किलोमीटर उंचीवर. बाहेरच्या मोठ्या इंधनटाकीवरून, यान जिथे टाकीला जोडलेलं होतं तिथला फोमचा तुकडा सुटला आणि डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. वजन साधारण पाऊण किलो. आदळण्याचा वेग ताशी ८५० किलोमीटरच्या आसपास.

पंखाची ही कड कार्बनच्या २२ पॅनेलांची होती. परतीच्या वाटेवर सगळ्यात जास्त ताप तिनेच सोसायचा. तुकडा बहुधा आठव्या पॅनेलच्या खालच्या अंगाला लागला.

आतल्या सातांना काही जाणवलं नाही. नियंत्रण कक्षातही काही दिसलं नाही.

१७ जानेवारी

कॅमेऱ्यांच्या फिती तपासणाऱ्या गटाला तो तुकडा दिसला. पंखाखाली जाताना दिसला आणि चुरा होऊन बाहेर पडताना दिसला. नेमका कुठे लागला ते दिसलं नाही. एका कॅमेऱ्याचं चित्र धूसर आलं होतं, बाकीच्यांचे कोन सोयीचे नव्हते. इतका मोठा तुकडा त्यांनी याआधी पाहिला नव्हता. लष्करी दुर्बिणी किंवा उपग्रह वापरून कक्षेतल्या यानाचे फोटो मिळवावेत, असं त्यांनी त्याच दिवशी सुचवलं.

त्याच दिवशी यानापासून काहीतरी सुटून दूर गेलं. अमेरिकी हवाई दलाच्या रडारांनी त्याची नोंद केली. ती नोंद कुणी उघडून पाहिली तेव्हा अपघात होऊन गेला होता.

फोम निखळणं नवं नव्हतं. ऑक्टोबर २००२ मध्ये अटलांटिसच्या फेरीत टाकीच्या याच भागातला तुकडा निघाला होता आणि एका बूस्टरच्या खालच्या कड्याला लागला होता. पुढचं उड्डाण त्यासाठी थांबवलं गेलं नाही. दरवेळी यानं सुखरूप परत आली, म्हणून फोम ‘देखभालीचा विषय’ झाला. यान उतरल्यावर अंगावरच्या तापरोधक फरश्या मोजायच्या, फुटलेल्या बदलायच्या. माझ्या मते खरा घात इथे झाला. धोका लपून नव्हता. तो रोजचा झाला होता.

२१ जानेवारी

नुकसानीचा अंदाज बांधणाऱ्या अभियंत्यांची बैठक झाली. त्यांच्या हाताशी ‘क्रेटर’ नावाची गणिती पद्धत होती. ती ज्या तुकड्यांवर पारखून घेतली होती, त्यांच्यापेक्षा हा तुकडा आकारमानाने शेकडो पट मोठा होता. उत्तर काहीही आलं तरी त्यावर विसंबता येणार नाही, हे त्यांना माहीत होतं. फोटो हवे होते.

बैठकीनंतर नासाचे अभियंता रॉडनी रोशा यांनी वरिष्ठांना ई-मेल पाठवला. बाहेरच्या संस्थेची मदत मागता येईल का, विनवणी करता येईल का, असं त्यात विचारलं होतं.

२२ जानेवारी

वेगवेगळ्या वाटांनी फोटोंची मागणी वर पोचली होती. नासाचे वेन हेल यांच्या फोनवरून संरक्षण खात्यात हालचालही सुरू झाली होती.

मोहीम व्यवस्थापन गटाच्या प्रमुख लिंडा हॅम यांनी चौकशी केली: ही मागणी अधिकृतपणे कुणाची? ठरलेल्या चाकोरीतून ती कुणीच केलेली नव्हती. ज्यांना फोटो हवे होते त्या अभियंत्यांपर्यंत हा प्रश्न पोचलाच नाही. यान वळवून धरण्यात प्रयोगांचा वेळ जाईल, असा एक मुद्दा होता. काही दिसलं तरी करण्यासारखं काय आहे, असाही सूर होता.

मागणी रद्द झाली.

रोशा यांनी त्या दिवशी आणखी एक ई-मेल लिहिला. हा निर्णय चुकीचा आहे, जवळजवळ बेजबाबदार आहे, अशा अर्थाचा. तो त्यांनी छापून शेजारच्या सहकाऱ्याला दाखवला. वर पाठवला नाही.

नासात त्या काळात आणखी एक घड्याळ चालू होतं. अवकाश स्थानकाचा एक महत्त्वाचा भाग १९ फेब्रुवारी २००४ पर्यंत वर पाठवायचा होता. त्या तारखेला किती दिवस उरले हे मोजणारा स्क्रीनसेव्हर व्यवस्थापकांच्या संगणकांसाठी वाटला गेला होता. कोलंबियाच्या चौकशीत वेळ गेला असता तर ती तारीख हलली असती.

करण्यासारखं खरंच काही नव्हतं का? अपघातानंतर नेमलेल्या चौकशी मंडळाने पुढे हिशोब मांडला. अटलांटिस १ मार्चच्या उड्डाणासाठी तयार होत होतं. पहिल्या आठवड्यात नुकसान कळलं असतं आणि रात्रंदिवस काम केलं असतं, तर ते १० फेब्रुवारीच्या सुमारास सोडता आलं असतं. कोलंबियातल्या सातांनी हालचाल कमी करून काटकसर केली असती, तर हवा शुद्ध करणारी रसायनं १५ फेब्रुवारीपर्यंत पुरली असती. हातात पाच दिवस येत होते. सुटका जोखमीची होती, पण कागदावर बसत होती.

२३ जानेवारी

नियंत्रण कक्षातून हजबंड आणि मॅककूल यांना ई-मेल गेला. फोम लागल्याचं त्यात सांगितलं होतं. काळजीचं कारण नाही, परतीला धोका नाही, आणि हे सांगतोय ते फक्त पत्रकारांनी विचारलं तर माहीत असावं म्हणून. हजबंड यांनी आभार मानले.

२४ जानेवारी

अभियंत्यांनी आपला अंदाज मांडला. त्यात शंका होत्या, जर-तर होते. सकाळच्या एका बैठकीतून पुढच्या बैठकीत जाईपर्यंत जर-तर गळले आणि निष्कर्ष उरला: उड्डाणाच्या सुरक्षेला धोका नाही. फार चर्चा न होता तो स्वीकारला गेला.

२८ जानेवारी

चॅलेंजर यान आतल्या सात जणांसह फुटल्याला १७ वर्षं झाली. कोलंबियातल्या सातांनी कक्षेतून त्या सातांना आदरांजली वाहिली.

याच आठवड्यात काही अभियंते आपापसात ई-मेलवर चर्चा करत होते. डाव्या चाकांच्या कप्प्यापर्यंत ताप पोचला तर? टायर गेले तर यान कसं उतरेल? आडाखे नेमके होते. चर्चा परतीचा निर्णय घेणाऱ्यांपर्यंत गेली नाही. मात्र ती वाचणाऱ्यांत जेफ क्लिंग होते. परतीच्या वेळी यानाच्या यांत्रिक भागांवर लक्ष ठेवण्याची पाळी त्यांची होती.

१ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी १:००

ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षात परतीची तुकडी कामावर आली. तिकडे रात्रीचा दीड. प्रमुख लेरॉय केन. त्यांच्यापुढे चिंतेचा विषय एकच: फ्लोरिडातलं धुकं.

संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास

धामणगाव बढ्यात सूर्य मावळला. पंचांगात पौष अमावास्या, त्यातून शनिवार. तिथी-वाराला दोष देऊ पाहणाऱ्याला नंतर हे आयतं सापडण्यासारखं होतं. पण घड्याळ १६ दिवसांपूर्वी सुरू झालं होतं, गुरुवारी.

इथून यान दिसणार नव्हतं. जे काही पाहायचं ते टीव्हीवर. कर्नालमध्ये चावला ज्या शाळेत शिकल्या, त्या टागोर बाल निकेतनमध्ये मुलं जमली होती. उतरल्याचा जल्लोष करायचा होता.

६:३०

केन यांनी कक्षातल्या प्रत्येक जागेला विचारलं: उतरायचं की थांबायचं? सगळीकडून होकार आला. धुकं विरत होतं. फोमचा विषय निघाला नाही. काढायला कुणापाशी नवं काही नव्हतं.

६:४५:३०

यान हिंदी महासागरावर, २८२ किलोमीटर उंचीवर. २५५वी प्रदक्षिणा चालू. शेपटी पुढे करून उलटं उडणाऱ्या कोलंबियाने इंजिनं पेटवली. ती २ मिनिटं ३८ सेकंद चालली. वेग थोडासा घटला, तेवढा पुरे होता.

यानंतर माघार नाही. यान परत वर जाऊ शकत नाही. ते उतरणार, किंवा उतरणार नाही.

७:०५ ते ७:१८

लॉरेल क्लार्क यांनी केबिनमध्ये छोटा व्हिडिओ कॅमेरा चालू केला होता. ती फीत पुढे टेक्सासमध्ये सापडली. त्यात हातमोजे चढवणं चाललं आहे. समोर बसलेल्या दोघांच्या मागे, मधल्या खुर्चीवर कल्पना चावला. खिडक्यांबाहेर गुलाबी-नारिंगी उजेड वाढत जातो. मॅककूल तो दाखवतात. आत्ता बाहेर नसलेलं बरं, असं हजबंड म्हणतात आणि थट्टा चालू राहते. फितीवरचं चित्रण ७:१८ च्या सुमारास थांबतं.

७:१४:०९

फीत चालू असतानाच यान वातावरणाच्या कडेला लागलं. प्रशांत महासागरावर, उंची सुमारे १२२ किलोमीटर, वेग आवाजाच्या २४ पटींहून जास्त.

इतक्या वेगाने वरून येणारी वस्तू तशीच जमिनीपर्यंत पोचली तर काय होतं, हे आमच्या जिल्ह्याला सांगावं लागत नाही. लोणारचं विवर जवळजवळ दोन किलोमीटर रुंद आहे. यानाचं सगळं कौशल्य हा वेग हवेत झिजवण्यात असतं. वेग झिजतो तो उष्णता होऊन. ती उष्णता बाहेर थोपवून धरायची, आत शिरू द्यायची नाही. पंखाच्या कडेचं तापमान दीड हजार अंश सेल्सिअसच्या घरात जायचं, आणि कडेच्या मागचा पंखाचा सांगाडा ॲल्युमिनियमचा होता. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं.

७:१८:३९

डाव्या पंखात, नवव्या पॅनेलच्या मागे बसवलेल्या एका संवेदकाने नेहमीपेक्षा जास्त ताण नोंदवला. ही पहिली खूण. ती यानातल्या नोंदयंत्रात उतरली. ह्यूस्टनला पोचली नाही, कारण हे नोंदयंत्र उतरल्यानंतर वाचायचं होतं. यानातल्या पडद्यांवरही ती आली नाही.

७:२०:५३

सर्वाधिक तापाची दहा मिनिटं सुरू झाली. उंची ७४ किलोमीटर.

७:२३:२६

यानाने कॅलिफोर्नियाचा किनारा ओलांडला. खाली पहाटेचे सहा वाजायला आले होते, आभाळ अजून काळं होतं. आकाशाचा नाद असलेले लोक अंगणांत, टेकड्यांवर कॅमेरे लावून उभे होते. पहाटेच्या अंधारात यान घरी येताना दिसणं ही त्यांच्या दृष्टीने पर्वणी.

७:२३:४६

त्या लोकांना एक तेजस्वी ठिपका आणि मागे लांबलचक उजळ रेघ दिसली. मग त्या रेघेत एकदम लख्ख झालं आणि एक ठिणगी मागे पडली. मग आणखी एक.

ते यानाचे तुकडे होते. पाहणाऱ्यांना ते कळायला मार्ग नव्हता. विदर्भातल्या लोकांना पुढे, २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी, असंच काहीसं आपल्याच आभाळात दिसलं. तोही शनिवार, गुढीपाडवा, आणि वेळ पावणेआठच्या आसपासची. जळत्या ठिणग्यांची माळ शांतपणे सरकत गेली. कुणी उल्का म्हणालं, कुणी विमान, कुणी क्षेपणास्त्र. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचं सुमारे तीन मीटर व्यासाचं कडं पडलं, तेव्हा कळलं की हा चिनी रॉकेटचा भाग असावा. डोक्यावरून जाणाऱ्या आगीत ठरल्याप्रमाणे काय चाललंय आणि काय बिनसलंय, हे नुसत्या डोळ्यांना वेगळं काढता येत नाही. कॅलिफोर्नियातल्या लोकांनी चित्रण चालू ठेवलं. 

७:२४:२४

ह्यूस्टनमध्ये क्लिंग यांनी केन यांना कळवलं: डाव्या पंखातले हायड्रॉलिक नळ्यांच्या तापमानाचे चार संवेदक बंद पडले आहेत.

केन यांनी विचारलं, या चारांत समान असं काही आहे का? एकच तार, एकच पेटी? समान दुवा सापडला तर दोष मोजमापाचा ठरतो आणि सुटकेचा श्वास टाकता येतो. क्लिंग म्हणाले, तसं काही दिसत नाही.

बाकी सगळे आकडे ठीक होते. यान सरळ उडत होतं. ते सरळ ठेवण्यासाठी त्याचा संगणक किती जोर लावत होता, हे नंतर उलगडलं.

७:२६:३०

ॲरिझोनावर यानाने ठरल्याप्रमाणे उजवी कूस बदलून डावी घेतली.

७:२७ च्या सुमारास

न्यू मेक्सिकोत कर्टलंड हवाई तळाजवळ काही जणांनी फावल्या वेळात जमवलेल्या दुर्बिणीतून यानाचा फोटो टिपला. त्यात डाव्या पंखाची कड वेडीवाकडी दिसते. २२ जानेवारीला जो फोटो मागितला होता, त्याच पंखाचा हा फोटो.

७:२८:२०

यान टेक्सासच्या हद्दीत. या सुमारास सुटलेली एक फरशी लिटलफील्ड गावाजवळ मिळाली. सापडलेल्या अवशेषांत सगळ्यात पश्चिमेचा तुकडा तोच.

७:२९:१५

क्लिंग यांनी कळवलं: डाव्या बाजूच्या टायरांचा दाब दिसेनासा झालाय. आतले नि बाहेरचे, दोन्ही.

हाच प्रश्न त्या आठवड्याच्या ई-मेलमध्ये विचारला गेला होता.

यानाशी बोलणारे चार्ली होबॉ यांनी कळवलं की टायरचे संदेश आम्हालाही दिसलेत, तुमचं आधीचं बोलणं मात्र ऐकू आलं नाही.

७:२९:३२

हजबंड यांनी ‘रॉजर’ म्हणून उत्तर सुरू केलं. पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर आलं आणि आवाज तुटला. यान तेव्हा डॅलसच्या जवळ येत होतं. उंची सुमारे ६१ किलोमीटर, वेग आवाजाच्या १८ पट.

परतीच्या वाटेवर संपर्क अधूनमधून तुटायचाच. कक्षात कुणी जागेवरून उठलं नाही.

७:३०:१८

टेक्सासमधल्या लोकांच्या चित्रणात एका रेघेच्या अनेक रेघा झाल्या.

७:३१ ते ७:४२

होबॉ यांनी पुन्हा पुन्हा हाक दिली. दुसऱ्या वाहिनीवरूनही दिली.

फ्लोरिडाच्या मेरिट बेटावरचं रडार यान क्षितिजावर येताच पकडणार होतं. कधी अपेक्षित आहे, असं केन यांनी विचारलं. उत्तर आलं: एक मिनिटापूर्वी.

उत्तर टेक्सासमध्ये जमीन हादरल्याचे, खिडक्या खडखडल्याचे फोन पोलिसांकडे जाऊ लागले होते. केनेडी केंद्राच्या धावपट्टीशेजारी सातांची कुटुंबं उभी होती. त्यांच्यासमोर उलटी मोजणी करणारं घड्याळ चालू होतं. यान धावपट्टीवर येण्यापूर्वी दोनदा धडाका व्हायचा, तो ऐकायला सगळे थांबले होते.

७:४२:३९

नियंत्रण कक्षातल्या एकाला बाहेरून फोन आला. फोन करणाऱ्याने टीव्हीवर टेक्सासचं आभाळ पाहिलं होतं. निरोप केन यांना दिला गेला. केन काही क्षण थांबले, मग म्हणाले: दारं बंद करा.

अपघात झाला की हा नियम असतो. कुणी बाहेर जायचं नाही, कुणी फोन करायचा नाही, समोरच्या पडद्यावरची नोंद जशीच्या तशी जपून ठेवायची.

७:४६

ठरलेली वेळ. धावपट्टी मोकळी. नातेवाइकांना तिथून हलवायला सुरुवात झाली होती. भारतात वाहिन्यांवर बातमी एका ओळीतून मोठी होत गेली.

५ फेब्रुवारी

दिल्लीत पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी जाहीर केलं की मेटसॅट या भारतीय हवामान उपग्रहाचं नाव आता ‘कल्पना-१’. सप्टेंबर २००२ मध्ये सुटलेला हा उपग्रह पुढची कित्येक वर्षं मोसमी ढगांची चित्रं पाठवत राहिला.

ह्यूस्टनमध्ये त्याच दिवशी शटल कार्यक्रमाचे व्यवस्थापक रॉन डिटमोर पत्रकारांना सांगत होते की फोमच्या तुकड्याने यान गेलं असेल, हे पटत नाही.

१९ मार्च

टेक्सासमध्ये हेम्फिलजवळ शोधपथकाला यानातलं नोंदयंत्र मिळालं, जवळपास धड अवस्थेत. फीत वाचता आली. ७:१८:३९ ची नोंद तिच्यात होती.

७ जुलै

सॅन अँटोनिओच्या साउथवेस्ट संशोधन संस्थेत चौकशी मंडळाने शेवटची चाचणी घेतली. खऱ्या यानावर वापरलेलं आठव्या क्रमांकाचं कार्बन पॅनेल चौकटीत बसवलं. हवेच्या दाबावर चालणाऱ्या तोफेत पाऊण किलो फोम भरला. वेग ताशी ८५० किलोमीटर ठेवला. फोमने पॅनेल फुटेल यावर पाहणाऱ्यांतल्या कित्येकांचा त्या सकाळपर्यंत विश्वास नव्हता.

भोक पडलं. लांबी-रुंदी सुमारे ४० सेंटिमीटर.